लाईन हाय-स्पीड, तरी नेट स्लो का?

"लाईन तर हाय-स्पीड आहे, मग नेट स्लो का?" हा प्रश्न होस्टेलमध्ये रोज रात्री ऐकू येतो. त्यात परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख असेल तर विचारूच नका! याचं उत्तर बरेचदा गर्दीत असतं.

आपलं गोंदिया मुंबई-हावडा मेन लाईनवरचं जंक्शन. बालाघाट आणि बल्लारशाहकडच्या लाईनीही इथेच मिळतात. प्लॅटफॉर्म रिकामा नसेल तर गाडी आऊटरला उभी राहते. उशीर होतो, पण गाडी हरवत नाही. राऊटरचं तसं नाही. डेटाची पॅकेट्स थोडा वेळ त्याच्या रांगेत थांबतात, आणि रांग भरली की पुढची पॅकेट्स चक्क टाकून दिली जातात. पोचपावती आली नाही म्हणून पाठवणारा कॉम्प्युटर तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. म्हणजे गर्दीत आणखी भर!

ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेत नेमकं हेच झालं. लॉरेन्स बर्कले लॅब आणि बर्कले विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम 400 यार्ड, पण सेकंदाला 32,000 बिट्सचा वेग घसरून 40 बिट्सवर आला. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी 1988 मध्ये यावर उपाय मांडला. पॅकेट हरवलं की गर्दी झाली असं समजायचं, वेग एकदम कमी करायचा आणि मग हळूहळू वाढवायचा. ही शिस्त टीसीपीत आली.

30 जानेवारी 2008 ला इजिप्तजवळ समुद्रातल्या दोन केबल्स तुटल्या. दोन्ही मुंबईला येणाऱ्या. उरलेल्या मार्गांवर गर्दी झाली, भारतात नेट खूप मंदावलं, पण 1986 सारखं बसलं नाही.

आता हाय-स्पीडची अडचण पाहू. समजा लाईन 1 गिगाबिटची आहे आणि पॅकेट जाऊन पावती यायला 100 मिलिसेकंद लागतात. 1500 बाइटची सुमारे 8,300 पॅकेट्स एकाच वेळी वाटेत असतात. एक हरवलं की वेग निम्मा, आणि दर फेरीला एकच पॅकेट वाढवत गेलो तर पूर्ण वेग यायला जवळजवळ 7 मिनिटं! म्हणून 'क्युबिक' पद्धत आली. लिनक्समध्ये 2006 पासून तीच डीफॉल्ट आहे. मागच्या वेळी गर्दी कुठे लागली ते ती लक्षात ठेवते. तिथपर्यंत भरभर जाते, जवळ आली की जपून.

पण एक गोम आहे. टीसीपीची वाटणी माणसागणिक होत नाही, कनेक्शनगणिक होते. एकाने डाऊनलोड मॅनेजर लावून 9 कनेक्शन उघडली आणि शेजारचा एकाच कनेक्शनवर फॉर्म भरतोय, तर 10 पैकी 9 वाटे पहिल्याचे. नियम कुणीच मोडला नाही, तरी फॉर्म मात्र अडकला.

नुसती मोठी लाईन घेऊन हे सुटत नाही, कारण 9 कनेक्शनवाला तीही भरतो. राऊटरमध्ये विद्यार्थ्यागणिक वेगळी रांग लावता येते. 'केक' नावाची मोफत पद्धत हेच करते. होस्टेलच्या नेटवर्कची जबाबदारी असलेल्या सरांनी याचा जरूर विचार करावा. आणि तोपर्यंत? पिक्चर पहाटे डाऊनलोड केला तरी तोच असतो. फॉर्मची तारीख मात्र निघून जाते!