व्यक्तिविकास आणि समाजकार्य : डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचे उदाहरण

प्रस्तावना

व्यक्तिविकास म्हटले की संभाषणकौशल्य, वेळेचे नियोजन, आत्मविश्वास अशी यादी डोळ्यांसमोर येते. ही कौशल्ये मिळवून त्यांचा उपयोग कोणासाठी करायचा, हा प्रश्न बहुधा बाजूला राहतो. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे संस्थापक डॉ. वेंकटस्वामी यांच्या कार्यातून आपण या प्रश्नाचा विचार करू.

१. मार्ग बदलला, हेतू राहिला

वेंकटस्वामी यांचा जन्म १९१८ मध्ये आजच्या तमिळनाडूतील वडमलापुरम या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. नात्यातील स्त्रियांचे बाळंतपणातील मृत्यू पाहून त्यांनी प्रसूतितज्ज्ञ व्हायचे ठरवले होते. १९४४ मध्ये मद्रासच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते सैन्यात डॉक्टर झाले. पण तीव्र आमवाताने त्यांना अंथरुणाला खिळवले. हाताची बोटे कायमची वाकडी झाली आणि १९४८ मध्ये सैन्यातील नोकरी सुटली.

प्रसूतिशास्त्राचा मार्ग बंद झाल्यावर ते नेत्रशास्त्राकडे वळले. आपल्या हाताला पेलतील अशी उपकरणे वापरून ते चिकाटीने शस्त्रक्रिया शिकले. पुढे त्यांनी एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. येथे केवळ जिद्द कामी आली नाही. रुग्णसेवेचा हेतू कायम ठेवून त्यांनी विषय आणि साधने दोन्ही बदलली.

२. कौशल्याकडून पद्धतीकडे

१९७६ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ११ खाटांचे रुग्णालय सुरू केले. मोतीबिंदू हे भारतातील अंधत्वाचे मोठे कारण होते. एक शल्यचिकित्सक कितीही निष्णात असला, तरी एवढ्या रुग्णांना पुरा पडणार नव्हता. म्हणून कामाची विभागणी झाली. खेड्यांतील मुलींना प्रशिक्षण देऊन तपासणी, रुग्णाची तयारी आणि नंतरची देखभाल ही कामे त्यांच्याकडे सोपवली. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असतानाच शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार असे. त्यामुळे डॉक्टरांचा वेळ प्रत्यक्ष शस्त्रक्रियेसाठी मोकळा राहिला. पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून गरिबांवरील मोफत उपचारांचा खर्च भागवला गेला.

३. अडथळा समजून घेणे

शस्त्रक्रिया मोफत असूनही अनेक गरीब रुग्ण येत नसत. अशा वेळी लोकांच्या अज्ञानाला दोष देणे सोपे असते. खरी कारणे वेगळी होती : बसचे भाडे, बुडणारी मजुरी आणि सोबतीला माणूस नसणे. म्हणून शिबिरात निवडलेल्या रुग्णांच्या ने-आणीची आणि जेवणाची सोय करण्यात आली. डोळ्यात बसवायची कृत्रिम भिंगे परदेशातून येत आणि फार महाग पडत. १९९२ मध्ये मदुराईतच ‘ऑरोलॅब’ ही निर्मितीसंस्था उभी राहिली आणि भिंगांची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली.

४. एकट्याचे काम नव्हे

या कार्यात त्यांच्या बहीण डॉ. नाचियार, मेहुणे डॉ. नाम्पेरुमालसामी आणि इतर आप्त सहभागी होते. हा आधार वगळून त्यांची कथा सांगितली, तर ती अपुरी ठरते. २००६ मध्ये डॉ. वेंकटस्वामी यांचे निधन झाले, पण रुग्णालयांचे काम थांबले नाही. आपले कौशल्य इतरांना शिकवल्याचा आणि कामाची पद्धत बसवल्याचा हा परिणाम होता.

सारांश

व्यक्तीचे कौशल्य तिच्या हातापुरते मर्यादित असते. ते इतरांना शिकवले, कामाची पद्धत बसवली आणि लोकांच्या अडचणी त्यांच्याकडूनच समजून घेतल्या, की त्यातून टिकाऊ बदल घडतो.

स्वाध्याय

१. डॉ. वेंकटस्वामी यांनी काय बदलले आणि काय कायम ठेवले, ते लिहा.
२. मोफत सेवा असूनही लोक ती का घेत नाहीत? आपल्या परिसरातील एका सेवेबद्दल पाच जणांशी बोलून कारणे नोंदवा.
३. तुम्हाला चांगले येणारे एक काम निवडा. ते दुसऱ्या कोणाला शिकवायचे झाल्यास त्याचे टप्पे कसे पाडाल?