कबर्ड, कपाट आणि अलमारी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात नई सडक नावाचा एक जुना रस्ता आहे. तेथील एका मराठी कुटुंबाकडे काही वर्षांपूर्वी मुक्कामाचा योग आला. घरातील आजींनी सुताराला बोलावून सांगितले, ‘‘भैया, कपाट का कब्जा ढीला हो गया है, जरा देख लो.’’ सुतार थेट दिंडीदरवाजापाशी गेला, दार दोनदा उघडून मिटून पाहिले आणि बिजागरी अगदी ठीक असल्याचा निर्वाळा दिला. आतून सूनबाईंनी हाक दिली, ‘‘कपाट नहीं, अलमारी!’’ मग उलगडा झाला. आजी हिंदी बोलत होत्या, पण शब्द मराठी वापरला होता. सुताराने मात्र तो हिंदीत ऐकला, आणि हिंदीत कपाट म्हणजे दार.

चूक तशी कोणाचीच नव्हती. संस्कृतातही ‘कपाट’ म्हणजे दाराची फळी. संस्कृत काव्यांत रुंद छातीच्या वीराला ‘कपाटवक्षस्’ म्हटले जाते, ते दाराच्या फळीसारख्या भरदार छातीमुळे. आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे कदाचित पोलादी कपाटच उभे राहील. बद्रीनाथ, केदारनाथचे ‘कपाट’ दर वर्षी उघडतात आणि मिटतात, ही हिंदी बातमी आपणही वाचतो. गंमत अशी की, याच शब्दाची बोलण्यात झिजलेली रूपे म्हणजे मराठीतील ‘कवाड’ आणि हिंदीतील ‘किवाड’. या झिजलेल्या रूपांनी दाराचा मूळ अर्थ सांभाळला, आणि मूळ रूपातील ‘कपाट’ मराठीत दार सोडून दारे असलेल्या वस्तूकडे वळले. भागाचे नाव संपूर्ण वस्तूला मिळाले, एवढेच.

इंग्रजी ‘कबर्ड’चा प्रवासही काहीसा असाच आहे. लिहिताना या शब्दात ‘कप’ आणि ‘बोर्ड’ असे दोन भाग दिसतात. उच्चारात मात्र ‘प’ पूर्ण गळतो आणि ‘कबर्ड’ उरते. आपल्याकडे ‘कपबोर्ड’ असे वाचणारे थोडे नाहीत. त्यांना हसण्याचे कारण नाही, कारण शब्दाचा जन्म त्यांच्याच उच्चारात दडलेला आहे. जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे फळी, आणि पुढे जेवणाचे मेज. चौदाव्या शतकात कबर्ड म्हणजे पेले, वाट्या मांडून ठेवण्याची उघडी फळी किंवा मेज होते. त्याला दारे आली ती सोळाव्या शतकाच्या सुमारास. जेवणाच्या मेजाचा हा ‘बोर्ड’ आपल्या ओळखीचाच आहे. विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवण्याच्या सोयीला आपण ‘बोर्डिंग’ म्हणतो, तो हाच शब्द. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 साली काढलेल्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगच्या नावातही तोच आहे.

वापराच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. इंग्लंडमध्ये भिंतीतील किंवा जिन्याखालील लहानशा कोंदट जागेलाही कबर्ड म्हणतात. हॅरी पॉटर जिन्याखालच्या ‘कबर्ड’मध्ये राहत होता हे वाचून आपल्या मुलांना प्रश्न पडतो, की मुलगा कपाटात झोपेल कसा? तेथे अभिप्रेत आहे ती आपली अडगळीची खोली. भाषांतरात ‘कपाट’ हा शब्द घातला की कथेतील दुःखाचे हसे होते. कपड्यांच्या उंच कपाटाला इंग्लंडमध्ये ‘वॉर्डरोब’ म्हणतात. भिंतीतल्या बंदिस्त जागेला अमेरिकेत ‘क्लोझेट’ म्हणतात. भारतीय इंग्रजीत हे सगळे एका ‘कबर्ड’मध्ये सामावते. घराण्याची लपवलेली लाजिरवाणी गोष्ट इंग्रज माणूस ‘कबर्डमधला सांगाडा’ म्हणून सांगतो, तर अमेरिकन तोच सांगाडा ‘क्लोझेट’मध्ये ठेवतो. ‘कबर्ड लव्ह’ म्हणजे खाऊसाठी पायांत घोटाळणाऱ्या मांजराची माया. आणि ‘कबर्ड रिकामे आहे’ याला आपल्याकडे ‘तिजोरीत खडखडाट’ हा अधिक बोलका पर्याय आहे.

आता आजींच्या सूनबाईंचा शब्द. ‘अलमारी’ला अनेकजण फारसी किंवा अरबी समजतात, त्या ‘अल’मुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तो पोर्तुगीज ‘आर्मारियु’पासून आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘आर्मारियुम’ आहे. ‘आर्मा’ म्हणजे शस्त्रे; ती ठेवण्याची जागा ते आर्मारियुम. पुढे त्यात ग्रंथ आले, मग कपडे आले. भारतीय इंग्रजीतील ‘अल्माइरा’ हीच. तमिळमध्ये ‘अलमारी’, सिंहलीत ‘अल्मारिय’, मलायी भाषेत ‘अल्मारी’: पोर्तुगीज जहाजे जेथे जेथे लागली तेथे तेथे हा शब्द उतरला. आसगावचे सुपुत्र मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांत शिरलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांचा मागोवा घेणारा ग्रंथ 1913 साली प्रसिद्ध केला. गोमंतकीय वाचकाने तो एकदा तरी चाळावा असा आहे.

आपल्या घरांत तर हा शब्द अधिक मुळाजवळ राहिला. जनेल, कदेल यांच्या पंक्तीला बसणारे कोकणीतील ‘आर्मार’ म्हणजे तोच आर्मारियु; त्यातला ‘र’ आपण ‘ल’ होऊ दिला नाही. दौलतराव शिंद्यांची छावणी 1810 मध्ये ग्वाल्हेरला स्थिरावली आणि तिचेच ‘लष्कर’ हे शहर झाले. दक्षिणेतून गेलेल्या त्या कुटुंबांनी ‘कपाट’ सोबत नेले, आणि तेथे त्यांच्या कानांवर हिंदुस्थानीतील ‘अलमारी’ पडली. विदर्भातील मराठीतही ‘आलमारी’च रूढ आहे. म्हणजे पणजीचे आर्मार आणि नई सडकेवरची अलमारी ही सख्खी भावंडे, आणि मधल्या पुण्या-मुंबईचे कपाट मात्र वेगळ्या कुळातले.

या साऱ्यांत एक शब्द मागे पडत चालला आहे, तो ‘फडताळ’. भिंतीतच खण पाडून त्याला लाकडी दारे बसवलेली ही जागा; तिला दारे नसली तर तो कोनाडा. लोणच्याची बरणी, औषधाची कुपी, पंचांग आणि आजीचा चष्मा यांचा तो ठरलेला पत्ता. गोदरेजने 1923 पासून पोलादी कपाटे बनवायला घेतली आणि पुढे ‘गोदरेजचे कपाट’ हे जणू सामान्यनाम झाले. जाड भिंती गेल्या, सिमेंटच्या पातळ भिंती आल्या, तेव्हा फडताळाला जागाच उरली नाही. ब्रिटिशांच्या ‘कबर्ड’ला मराठीत नेमका प्रतिशब्द शोधायचा झाला, तर पुष्कळदा तो ‘कपाट’ नसून ‘फडताळ’च असतो. नई सडकेवरच्या त्या घरात एक फडताळ अजून आहे. त्याचीही बिजागरी सैल झाली होती. आजींनी सुताराला ते बोटानेच दाखवले.