महागडी सेडान घेताना : कोणत्या जादा सोयींना पैसे द्यावेत?

ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली या पट्ट्यातले आमचे कितीतरी व्यापारी बांधव सध्या पन्नास-साठ लाखांच्या सेडानची चौकशी करताना दिसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. मोठ्या सेडानवर सेस धरून ४८ टक्क्यांपर्यंत जाणारा कर ४० टक्क्यांवर आला, तेव्हापासून तर दुकानात बसल्या बसल्या हाच विषय निघतो. "शेठ, तुम्ही दोन गाड्या घेतल्या, आता आम्ही कोणती घ्यावी ते सांगा." कोणती घ्यावी हे आम्ही सांगत नाही. गाडीत कोणती जादा सोय घ्यावी आणि कोणती सोडावी, एवढे मात्र सांगू शकतो. कारण पहिल्या गाडीत आम्ही तिथेच मार खाल्ला.

त्या वेळी शोरूममध्ये विक्रेत्याने चहा पाजला, छताची मोठी काच उघडून दाखवली, रात्री रंग बदलणारे दिवे दाखवले आणि १९ इंची चाके दाखवली. आम्ही कापडाच्या धंद्यात असून माल हाताने चोळून पाहिला नाही, नुसत्या चकाकीवर सौदा केला. जुलै महिन्यात शिळफाट्याहून कल्याणला येताना पाण्याने भरलेला एक खड्डा आला आणि डावीकडचे दोन्ही टायर एकाच दणक्यात गेले. गाडीत स्टेपनी नव्हती, फक्त पंक्चरचा डबा होता. टायरची बाजूच फाटली तर त्या डब्याचा काही उपयोग होत नाही, हे आम्हाला त्या रात्री रस्त्यावर उभे राहून समजले. आमच्या अम्मी मागे बसल्या होत्या. दोन तासांनी त्यांना रिक्षाने घरी पाठवावे लागले.

तेव्हा पहिली गोष्ट टायरची. टायरवर २४५/४० आर १९ असे लिहिलेले असते. २४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ४० म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंचीची रबराची भिंत आहे ते, आणि १९ म्हणजे रिमचा व्यास इंचात. हिशोब करा : २४५ चे ४० टक्के म्हणजे ९८ मिलिमीटर. त्याच गाडीला २४५/४५ आर १८ घेतला तर भिंत ११० मिलिमीटरची होते. बाहेरून चाक जवळजवळ तेवढेच दिसते, पण खड्डा आणि रिम यांच्यामध्ये १२ मिलिमीटर रबर जास्त येते. आमच्या रस्त्यांवर हे १२ मिलिमीटर लाखमोलाचे आहेत. मोठ्या रिमसाठी कंपनी जादा पैसे मागते, लहान रिमसाठी मागत नाही. म्हणजे इथे शहाणपण फुकट मिळते. काही गाड्यांना रनफ्लॅट टायर असतात. हवा गेली तरी ते सावकाश ऐंशीएक किलोमीटर चालतात, पण त्यांची भिंत कडक असल्याने दणका अंगाला जास्त लागतो आणि नाक्यावरचा पंक्चरवाला त्यांना सहसा हात लावत नाही.

दुसरी गोष्ट मागच्या सीटची, आणि इथे कापडवाल्यांनी विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे मालक मागे बसतो हे कंपन्यांनी बरोबर ओळखले आहे. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी मर्सिडीजची ई-क्लास २०१७ पासून इथे लांब व्हीलबेसमध्ये मिळते. २०२४ साली आलेल्या नव्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ३,०९४ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी आलेल्या बीएमडब्ल्यूच्या लांब ५ सिरीजमध्ये ते ३,१०५ आहे. मागे पाय पसरून बसता येते यात शंका नाही. पण मागे रेलणारी सीट बहुतेक गाड्यांत दुमडत नाही. ५८ इंची पन्ह्याचा रोल म्हणजे जवळजवळ दीड मीटर लांबी. तो डिकीत आडवा बसत नाही, आणि सीट दुमडत नसेल तर उभाही जात नाही. ज्याला सॅम्पलचे ताके घेऊन भिवंडीहून मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटला जायचे आहे त्याने आधी ठरवावे, सीट रेलणारी हवी की दुमडणारी. दोन्ही एकाच गाडीत क्वचितच मिळतात. डिकीच्या बाबतीत स्कोडाची सुपर्ब आमच्या धंद्याला फार सोयीची होती, ६२५ लिटरची डिकी. तिची औरंगाबादजवळची जुळवणी २०२३ साली थांबली. आता ती बहुतेक जुन्या बाजारातच शोधावी लागते. छापील लिटरवर मात्र कुणी विसंबू नये. काही गाड्यांत स्टेपनी डिकीतच उघडी ठेवलेली असते आणि निम्मी जागा खाते.

दुसरी गाडी घ्यायला गेलो तेव्हा अम्मींना बरोबर नेले. त्यांचे गुडघे दुखतात. सेडानची सीट खाली असते, बसताना वाकावे लागते, उतरताना हाताला आधार हवा असतो. विक्रेता मालिश करणाऱ्या सीटची तारीफ करत होता. अम्मी म्हणाल्या, "बेटा, मालिश राहू दे, दार आणखी थोडं उघडतं का ते विचार." सगळ्या शोरूममध्ये मुद्द्याचा एवढा एकच प्रश्न विचारला गेला असे आम्हाला आजही वाटते. आम्ही मालिश सोडली, आणि मे महिन्यासाठी थंड हवा सोडणाऱ्या सीट आणि मागच्या काचांचे पडदे घेतले. छताची काच या वेळी नको होती. तिच्यामुळे डोक्यावरची जागा कमी होते, ऊन आत येते, आणि पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या धुळीने तुंबल्या की पाणी सीटवर उतरते. चारही बाजूंचा कॅमेरा मात्र घ्यावाच. कल्याणला दूधनाक्याच्या गल्लीत पाच मीटरहून लांब गाडी वळवायची तर तो डोळ्यासारखा उपयोगी पडतो. पुढच्या गाडीचे अंतर पाहून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा हमरस्त्यावर ठीक आहे. भिवंडीच्या नाक्यावर मात्र दर मिनिटाला एक रिक्षा आडवी घुसते आणि गाडी सारखी दचकते.

आता हिशोबाची बाजू. लूम घेतली तर तिच्यावरच्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट मिळते. स्वतःच्या वापराच्या मोटारीवर ते मिळत नाही, गाडी पेढीच्या नावावर असली तरी. घसारा १५ टक्के धरता येतो. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्मा. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १३ टक्के रोड टॅक्स आहे, डिझेलला १५ टक्के, पण गाडी कंपनीच्या नावावर केली की २० टक्के. म्हणजे ६० लाखांच्या पेट्रोल गाडीवर ७ लाख ८० हजारांऐवजी १२ लाख. कोणाच्या नावावर घ्यावी हे आपल्या सीएला आधी विचारा, नंतर नाही. कंपनीतूनच बसवून आलेली ४ लाखांची जादा सोय पावतीच्या किमतीत धरली जाते. तेव्हा तिच्यावर रोड टॅक्सचे आणखी ५२ हजार लागतात, विमाही त्या प्रमाणात वाढतो, आणि गाडी विकताना जुन्या बाजारातला दलाल तिची दखलही घेत नाही. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस कापला जातो, तो विवरणपत्रात वळता होतो. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास विक्रेत्याला कायद्याने मनाई आहे.

विम्यात एक जादा कलम मात्र आम्ही डोळे झाकून घेऊ, ते म्हणजे इंजिन संरक्षण. २६ जुलै २००५ ला कल्याण कसे बुडाले ते ज्यांनी पाहिले त्यांना जास्त सांगायला नको. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायला गेले की इंजिनात पाणी शिरून आतले भाग मोडतात, आणि साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही. या एका कलमाला छताच्या काचेच्या मानाने फार थोडे पैसे पडतात. ड्रायव्हरला मात्र बजावून ठेवा की पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारायचा नाही.

घोडबंदर रोडच्या नव्या इमारतींत राहणाऱ्यांनी आधी पार्किंग मोजावे. एकावर एक गाड्या ठेवणाऱ्या यंत्राला लांबी, उंची आणि वजनाची मर्यादा असते. लांब सेडान किंवा जड बॅटरीची विजेवरची गाडी तिच्यात बसेलच असे नाही. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्केच आहे हे खरे, पण ती उभी करायला जागाच नसली तर त्याचा काय फायदा?

भावाबद्दल थोडेसे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. एवढे दीडशे जण जमवणे आपल्याला शक्य नाही. पण ग्रे कापड आपण चौघे मिळून उचलतो तेव्हा भाव उतरतोच ना? चार जण डिसेंबरच्या अखेरीस एकत्र गेले तर तेच होते. त्या वेळी रोख सवलतीपेक्षा देखभालीचे पॅकेज आणि वाढीव वॉरंटी मागावी; या गाड्यांचा खरा खर्च तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुरू होतो. गाडी कोणत्या महिन्यात बनली तेही कागदावर पाहून घ्यावे. गेल्या वर्षीची गाडी जानेवारीत घेतली तर विकताना एक वर्ष जुनी धरली जाते.

शोरूमला जाताना आम्ही आता मोजपट्टी आणि ५८ इंची रोल बरोबर नेतो. विक्रेता हसतो, हसू द्यावे. रोल आत बसला, घरातल्या वडीलधाऱ्यांना बसता-उतरता आले आणि स्टेपनी कुठे आहे ते डोळ्यांनी पाहिले की मगच बयाणा द्यावा.