रियाध–जेद्दा विमानातला एक तास

रियाध ते जेद्दा हे अंतर साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या देशांतर्गत हवाई मार्गांपैकी हा एक. प्रवास सुमारे पावणेदोन तासांचा, पण विमान चढण्या-उतरण्याचा वेळ वजा केला की कर्मचाऱ्यांच्या हाती जेमतेम तासभर उरतो. पुढच्या वर्गातली सेवा कशी वाटेल, हे त्या तासाच्या आखणीवर ठरतं.

म्हणून सौदिया या १९४५ पासून चालत आलेल्या सौदी विमान कंपनीच्या विमानात बिझनेस क्लासचा पाहुणचार जमिनीवरच सुरू होतो. आधी खजूर, मग गहवा. ही अरबी कॉफी हलक्या भाजलेल्या बियांची, म्हणून रंगाने पिवळसर. त्यात वेलची, कधी केशर. साखर नसते, गोडवा खजुराचा. बिनकानाच्या इवल्याशा फिंजानमध्ये ती तळाशी घोटभरच ओततात. आपल्याकडे अर्धा कप चहा पुढे केला तर यजमान चिक्कू ठरेल. इथे काठोकाठ भरलेला फिंजान म्हणजे पाहुण्याचा अवमान. पुरे झालं की फिंजान हलकेच हलवायचा.

उड्डाणाआधी प्रवासाची दुआ ऐकवली जाते. नंतर जेवण. ते जमिनीवरच्या स्वयंपाकघरात शिजवून झटपट थंड केलेलं असतं. विमानातल्या ओव्हनमध्ये फक्त गरम होतं. त्यामुळे रस्सेदार मांस आणि भात चांगले लागतात, कुरकुरीत पदार्थ मऊ पडतात. कोरड्या हवेत आणि कमी दाबात मीठ-साखरही जिभेला कमी जाणवते. मद्य नसतंच, फळांचे रस असतात. रमजानात सूर्यास्त जमिनीवरच्या घड्याळावर धरत नाहीत. उंचावर सूर्य उशिरापर्यंत दिसतो आणि उपवास तो मावळल्यावर सुटतो, त्यामुळे जेवणाची वेळही पुढे सरकते.

मला सेवेची खरी कसोटी वाटते ती मक्केला उमराह यात्रेसाठी निघालेल्या प्रवाशापाशी. ताइफजवळच्या कर्न अल-मनाझिल या मीकातच्या, म्हणजे यात्रेच्या सीमेच्या, रेषेआधी इहराम धारण करावा लागतो, म्हणून पुरुष दोन पांढरी, न शिवलेली वस्त्रं नेसूनच बसलेले असतात. इहराममध्ये सुगंध वर्ज्य. अशा माणसापुढे अत्तराचा गरम रुमाल धरायचा नाही, हे न सांगता ओळखणारा कर्मचारी मला कुठल्याही मऊ खुर्चीपेक्षा मोलाचा वाटतो.

खुर्चीचं म्हणाल तर तो विमानाचा प्रश्न. याच मार्गावर कधी अरुंद एअरबस ए३२० असतं, कधी रुंद बोइंग ७७७ किंवा ७८७, आणि तिकिटावर वर्गाचं नाव मात्र तेच. २०१७ मध्ये सुरू झालेल्या फ्लायअडील या स्वस्त विमान कंपनीमध्ये तर बिझनेस क्लासच नाही. सौदीत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींनी जेद्दाचं तिकीट काढताना एवढं करावं: पैसे भरण्याआधी विमानाचा प्रकार पाहावा, आणि रुंद विमान असेल तरच जादा रक्कम मोजावी.