तासिकांवर तोललेली प्राध्यापकी

उच्च शिक्षणातील स्त्री-पुरुष समानतेची चर्चा बहुधा संख्येपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या 2021-22 च्या अहवालानुसार देशातील सुमारे 16 लाख अध्यापकांपैकी 43 टक्क्यांहून थोड्या अधिक स्त्रिया आहेत, आणि पीएच.डी.साठी नोंदणी केलेल्या स्त्रियांची संख्याही 98 हजारांच्या पुढे गेली आहे. हे आकडे आश्वासक आहेत यात शंका नाही. तथापि सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक अशी एकेक पायरी वर जावी तसतसे स्त्रियांचे प्रमाण घटत जाते, आणि या गळतीचे एक मोठे कारण नेमणुकीच्या स्वरूपातच दडलेले आहे.

महाराष्ट्रातील वरिष्ठ महाविद्यालयांत कायम पदांची भरती दीर्घकाळ रखडल्यामुळे अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील, म्हणजेच ‘सीएचबी’, अध्यापकांवर येऊन पडला आहे. या पद्धतीत नेट किंवा सेट उत्तीर्ण असलेल्या, पुष्कळदा पीएच.डी.ही पूर्ण केलेल्या व्यक्तीला दरमहा वेतन मिळत नाही. वर्गात घेतलेल्या प्रत्येक तासिकेमागे ठरावीक मानधन मिळते आणि नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरतीच असते. व्याख्यानाची तयारी, विद्यार्थ्यांच्या शंकांचे निरसन, ‘नॅक’च्या मूल्यांकनासाठी रचाव्या लागणाऱ्या फायली यांचा वेळ हिशोबात धरला जात नाही, सुट्टीच्या काळात उत्पन्न थांबते, आणि बिले मंजूर होऊन रक्कम हाती पडेपर्यंत अनेकदा महिनोन्‌महिने लोटतात. याची झळ पुरुषांनाही बसते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ही अनिश्चितता नेमकी पंचवीस ते पस्तीस या वयात वाट्याला येते, आणि लग्न, गाव बदलणे, बाळंतपण व मुलांचे संगोपन यांचा काळही तोच असल्याने स्त्रीला तिची किंमत दुहेरी मोजावी लागते.

येथे एक विसंगती बारकाईने पाहण्यासारखी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला संशोधनाच्या संपूर्ण काळात एकदा 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते, तसेच प्रबंध पूर्ण करण्यासाठी दोन वर्षांची वाढीव मुदतही मागता येते. तीच स्त्री तासिकांवर शिकवत असेल, तर मात्र न घेतलेल्या तासिकेचे मानधन नाही एवढाच व्यवहार उरतो. तिच्या जागी दुसरी नेमणूक होते, पुढील वर्षी नव्याने मुलाखत द्यावी लागते आणि अनुभवाच्या दाखल्यात खंड दिसतो. संशोधक म्हणून जिच्या मातृत्वाची नियमांनी दखल घेतली, तिची अध्यापक म्हणून दखलच घेतली जात नाही, आणि ही बाब केवळ प्रशासकीय त्रुटी म्हणून सोडून देण्याजोगी खचितच नाही.

स्त्रीला अटींवर आत घेण्याची रीत जुनी आहे. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत, म्हणजेच पुढे जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आलेल्या कमला सोहोनी, यांना 1933 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश देण्यास संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. कमला यांनी नेट धरल्यावर प्रवेश मिळाला, पण पहिले वर्ष चाचणीचे मानले गेले आणि मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्रीसुद्धा, काम करण्याची अट घातली गेली. त्यांनी 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, हा त्यांच्या कर्तृत्वाचा भाग झाला. ती अट मात्र अन्यायाचीच होती.

आज कायद्याचे बळ पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक आहे. प्रसूती लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा 12 वरून 26 आठवड्यांवर नेली, 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली, आणि कराराची मुदत संपली तरी प्रसूतीचे लाभ नाकारता येत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात दिला. तथापि ज्या संस्थेकडे हे हक्क मागायचे, पुढील वर्षीची नेमणूकही तिच्याच हाती असते, त्यामुळे तासिकेवरील अध्यापिका सहसा अर्जच करत नाही. म्हणूनच रिक्त पदांची नियमित भरती, तोपर्यंत दरमहा निश्चित मानधन आणि बाळंतपणाचा काळ अनुभवात धरणारा स्पष्ट शासन निर्णय या तिन्ही गोष्टी तिला अर्ज न करताच मिळायला हव्यात.