न दाबलेली कळ

कळफलकावरील कळ दाबली जाते तेव्हा संगणकापर्यंत बोट पोहोचत नाही, पोहोचतो तो एका क्रमांकाचा निरोप. आणि हाच निरोप कळफलकाऐवजी एखाद्या प्रोग्रामने पाठवला, तरी बहुतेक सॉफ्टवेअर त्याला तितक्याच तत्परतेने प्रतिसाद देतात. विंडोज प्रणालीत हे काम ‘सेंडइनपुट’ हे फंक्शन, म्हणजे प्रणालीने इतर प्रोग्रामांसाठी खुली ठेवलेली एक सेवा, करते. याआधीचे फंक्शन एका वेळी एकच हालचाल कळवत असे, त्यामुळे दोन निरोपांच्या मध्ये वापरणाऱ्याने खरी कळ दाबली तर ती तिथेच घुसे. सेंडइनपुट मात्र सगळे निरोप एका गठ्ठ्यात घेते आणि त्यांच्यामध्ये दुसरे काही शिरू देत नाही.

मजकूर कॉपी करण्याचा ‘कंट्रोल-सी’ हा शॉर्टकट माणसाच्या लेखी एकच कृती असला, तरी या गठ्ठ्यात त्याचे चार निरोप होतात: १७ क्रमांकाची कंट्रोल खाली, ६७ क्रमांकाची सी खाली, मग सी वर आणि शेवटी कंट्रोल वर. हा शेवटचा निरोप राहून गेला, तर कंट्रोल अजून दाबलेलीच आहे असे प्रणाली धरून चालते, आणि वापरणाऱ्याने पुढे नुसते ‘एस’ टाइप केले की अक्षर उमटण्याऐवजी फाइल सेव्ह होते. कळफलकाची आधीची स्थितीही सेंडइनपुट पुसत नाही. वापरणाऱ्याचे बोट त्याच क्षणी शिफ्टवर असेल तर कंट्रोल-सीचे कंट्रोल-शिफ्ट-सी होते, म्हणून कोणत्या कळा आधीच दाबलेल्या आहेत हे तपासूनच निरोप पाठवावे लागतात.

त्याहून मोठी अडचण पत्त्याची आहे, कारण या निरोपावर पत्ता नसतोच. त्या घडीला ज्या खिडकीकडे ‘फोकस’, म्हणजे टंकन स्वीकारण्याचा मान असेल, तिच्याकडे तो जातो. अनपेक्षितपणे दुसरी खिडकी पुढे आली तर पासवर्डसाठी पाठवलेली अक्षरे चॅटमध्ये जाऊन पडतात. अंदाजाने अर्धा-एक सेकंद थांबण्याची सवय सर्वत्र दिसते, पण संगणक मंदावला की तो अंदाज चुकतो. हवी ती खिडकी खरोखर पुढे आल्याची खात्री करणे हाच त्यावरचा भरवशाचा उपाय आहे. सॉफ्टवेअरने तेच काम थेट करून देणारे फंक्शन दिले असेल तर कळांच्या वाटेला जाऊच नये. मात्र जुन्या सॉफ्टवेअरला पुष्कळदा दुसरे दारच नसते.

काही दारे प्रणालीने मुद्दाम बंद ठेवली आहेत. विंडोज व्हिस्टापासून कमी अधिकारांचा प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालणाऱ्या खिडकीला कळा पाठवू शकत नाही, आणि नकाराचे हे कारण सेंडइनपुट सांगतही नाही, त्यामुळे चूक शोधण्यात तासन्‌तास जातात. कंट्रोल-आल्ट-डिलीट तर या मार्गाने पाठवताच येत नाही, कारण त्या तीन कळा दाबल्यावर दिसणारा पडदा खऱ्या प्रणालीचाच आहे, याच विश्वासावर पासवर्डची सुरक्षितता उभी आहे. लिनक्सवर एक्स-११ या जुन्या चित्रव्यवस्थेत ‘एक्सडूटूल’ने कळा पाठवणे सहज जमते; नंतर आलेल्या वेलँडने सामान्य प्रोग्रामांची ही मोकळीक काढून घेतली.

मराठीच्या दृष्टीने महत्त्वाची सोय अशी, की कळेच्या क्रमांकाऐवजी थेट युनिकोड चिन्हाचा क्रमांक पाठवता येतो, त्यामुळे देवनागरी कळफलक बसवलेला नसतानाही देवनागरी उमटते. ‘क्षि’ डोळ्यांना एक अक्षर दिसते, पण पाठवताना त्याचे क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी असे चार तुकडे होतात, आणि प्रत्येकाचे खाली-वर धरून आठ निरोप लागतात; उच्चारात आधी येणारा ‘क्ष’ आधी आणि डोळ्यांना डावीकडे दिसणारी वेलांटी शेवटी, हा क्रमही सांभाळावा लागतो.

या तंत्राची खरी गरज ज्यांना आहे त्यांच्यासाठी ही काटेकोरता चैनीची बाब नाही. हात हलवू न शकणारी व्यक्ती आवाजाने संगणक चालवते तेव्हा तिच्या एका शब्दामागून कंट्रोल-सीचे तेच चार निरोप जातात, आणि कंट्रोल अडकून राहिली तर ती सोडवायला तिचे बोट कळफलकापर्यंत पोहोचणार नसते.