पूल आहे, पण आजीला चढवेल का?

धानाची कापणी-मळणी आटोपली की गावोगावी पाहुणपणाचे दिवस येतात. नव्या तांदळाचे गाठोडे आणि लाखोरीची डाळ घेऊन आजी लेकीकडे निघते. भंडारा रोड असो, तुमसर रोड असो की लेकीच्या गावचे स्टेशन असो, प्रसंग एकच. गाडीतून उतरले तर बाहेर जायची वाट पलीकडच्या फलाटावरून. मध्ये रूळ आणि डोक्यावर पूल. आजी एकदा पायऱ्यांकडे पाहते, गुडघ्यावर हात ठेवते आणि म्हणते, "एवढ्या पायऱ्या कोन चढन बाप्पा? इथून तं चार पावलं आहेत!"

वाचकहो, ही चार पावलेच घात करतात. ताशी 108 किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात 30 मीटर अंतर कापते. फलाटावरून उतरून, रूळ ओलांडून पुन्हा वर चढायला म्हातारे माणूस 10 सेकंद घेईल म्हटले, तर तेवढ्यात गाडी 300 मीटर जवळ येते. ड्रायव्हरला माणूस दिसला तरी अशी गाडी जागच्या जागी थांबत नाही. ब्रेक लावल्यावरही ती बरेच अंतर पुढे जाते.

रेल्वे सुरक्षेसाठी नेमलेल्या डॉ. अनिल काकोडकर समितीने 2012 साली अहवाल दिला. देशात दरवर्षी सुमारे 15,000 माणसे रूळ ओलांडताना मरतात, असे त्यात नमूद आहे. 1989 च्या रेल्वे कायद्यात रूळ ओलांडण्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. पण नुसत्या दंडाने आजीचे गुडघे बरे होत नाहीत.

पायऱ्यांचा हिशेब

विजेच्या तारांच्या वरून न्यायचा म्हणून पूल फलाटापासून साधारण 6 मीटर उंच असतो. म्हणजे 15 सेंटिमीटरची एक, अशा 40 पायऱ्या. पोत्याचे ओझे, कडेवर मूल किंवा सात महिन्यांचे पोट घेऊन त्या चढणे सोपे नाही. चाकांच्या खुर्चीसाठी 12 मीटरला 1 मीटर असा चढ ठेवायचा तर उताराची वाट 72 मीटर लांब लागते. जागा नसेल तेथे लिफ्ट हवी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्टेशनावरील अशा सोयी हा हक्क मानला आहे. तेव्हा त्या मागताना संकोच कशाला?

पूलही धड हवा

पूल नुसता असून भागत नाही. 29 सप्टेंबर 2017 रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनावर पाऊस आला, माणसे अरुंद जिन्यावर अडकली आणि चेंगराचेंगरीत 23 जण गेले. त्यानंतर पादचारी पूल ही नुसती सोय नसून सुरक्षेची गरज आहे, असे रेल्वेने ठरविले. तरी 27 नोव्हेंबर 2022 रोजी आपल्या विदर्भातल्याच बल्लारशाह स्टेशनावर पुलाच्या फरशा कोसळल्या. माणसे रुळांवर पडली, एका महिलेचा जीव गेला आणि अनेक जण जखमी झाले.

तेव्हा पुलावर फरशी हलताना दिसली, लोखंड गंजलेले दिसले, कठडा तुटलेला किंवा दिवा बंद दिसला, तर स्टेशन मास्तरांच्या तक्रार वहीत लिहावे किंवा 139 क्रमांकावर कळवावे. रेल्वेच्या अमृत भारत स्टेशन योजनेच्या यादीत भंडारा रोड आणि तुमसर ही नावे आहेत. लिफ्ट, सरकते जिने अशा सोयी त्या योजनेत बसतात. आपल्या स्टेशनाला काय हवे, याचा ठराव ग्रामसभेत करून नागपूरच्या मंडल रेल्वे व्यवस्थापकांकडे पाठवावा. ठरावात आजी, गरोदर सून आणि अपंग शेजारी यांचा उल्लेख आवर्जून असावा.

तोवर घरच्यांनी एवढे करावे

गाडीच्या अर्धा तास आधी स्टेशन गाठावे, म्हणजे जिना दमाने चढता येतो. ओझे दोन लहान गाठोड्यांत बांधावे आणि म्हाताऱ्या माणसाबरोबर एक तरुण हात द्यावा. चालवत नसेल तर चाकांची खुर्ची मागावी. फलाटाच्या टोकाची ढकलगाडीची वाट रेल्वेच्या माणसाशिवाय वापरू नये. पुलावरून जाताना लांब बांबू किंवा सळई उभी धरू नये, खालच्या तारांत 25,000 व्होल्ट वीज असते. एक गाडी गेली की लगेच धावू नये, तिच्या आडून दुसरी येत असते.

लेकीकडचा चहा दहा मिनिटे थांबेल. आजी मात्र धडधाकट पोहोचली पाहिजे.